बारा सत्तावन्न

"वेळ हातानं लिहायची नाही, बाई. एफ-फाईव्ह दाबायचं. बास."

नेर्लेकर साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. वय तिशीच्या आतलं, नवीनच बदली होऊन आलेले. टेबलावर नवा कॉम्प्युटर, त्यावर आमच्या घाटगे कारकुनांनी सकाळीच हळदकुंकू लावून ठेवलेलं.

"पण साहेब, भिंतीवर घड्याळ आहे की," मी म्हटलं.

"घड्याळाची तक्रार नाही हो. लिहिणाऱ्याची आहे." त्यांनी जुनं रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं. "हे वाचा. दहा वाजता पाणी इतकं. सव्वादहाला इतकं. साडेदहाला इतकं. नदी काय शाळेत जाते, घंटा झाली की चढायला?"

घाटगे पलीकडून हसले. मलाही हसू आलं.

पाटबंधारे खात्याच्या एका लहानशा उपविभागीय कार्यालयात मी होते. काम एवढंच, की नदीवर खोतवाडीच्या फरशी पुलापाशी पाणी मोजणारा माणूस वायरलेसवर पातळी सांगायचा, ती मी लिहून घ्यायची आणि पाणी लाल पट्टीला लागलं की पोलीस चौकीला फोन करायचा. मग चौकीतला माणूस जाऊन पुलावर साखळी लावायचा. फरशी पूल म्हणजे कठडा नसलेला, नदीच्या अंगालगत टेकलेला रस्ता. चौकीपासून चालत तीन मिनिटांवर.

साहेबांनी नोटपॅड उघडून दाखवलं. कोरा पांढरा कागद. एफ-फाईव्ह दाबलं की वेळ आणि तारीख आपोआप उमटते, मिनिटासकट. पुढे फक्त पातळी लिहायची, कंट्रोल आणि एस दाबून ठेवायचं. आणखीही एक युक्ती त्यांनी दाखवली. फाईलच्या पहिल्या ओळीत टिंब देऊन कॅपिटलमध्ये एल-ओ-जी लिहिलं की फाईल उघडल्याबरोबर खाली वेळ पडते, बोटही लावायला नको. मी त्या फाईलला नाव दिलं, 'नदी'.

"चौकशीत माणसाच्या हस्ताक्षरावर कुणी विश्वास ठेवत नाही," साहेब म्हणाले. "मशीनच्या वेळेवर ठेवतात."

"बाई, आता जपालासुद्धा एफ-फाईव्ह लावून टाका," घाटगे म्हणाले. "देवाला हिशेब चोख मिळेल."

"देवाला लागत नाही हो मिनिटं," मी म्हटलं.

खरं तर मलाच लागायची. माझं मनगटी घड्याळ लग्नापासून पंधरा मिनिटं पुढे असे. सासूबाईंची शिस्त. दिवेलागणीला उंबऱ्यात दिवा नाही असं व्हायला नको, म्हणून. त्या गेल्या, शिस्त राहिली. मनातल्या मनात पंधरा वजा करायची मला इतकी सवय होती, की श्वास घेतो तसं ते व्हायचं.

त्या कॉम्प्युटरची एक खोड होती. जिल्ह्यानं वापरून आमच्याकडे धाडलेला तो; आतली बटणाएवढी बॅटरी गेलेली होती, आणि ती बदलण्याचा कागद जिल्ह्याला जाऊन पडला होता. वीज गेली की त्याचं घड्याळ पुसलं जायचं. आल्यावर जानेवारीची पहिली तारीख, रात्रीचे बारा. म्हणून सकाळी पहिल्यांदा येईल त्यानं त्याची वेळ लावायची. पहिल्यांदा येणारी मीच असायची.

आणि वायरलेसच्या दुसऱ्या टोकाला केरबा सुतार. एकोणीस वर्षं रोजंदारीवर नदीकाठच्या पत्र्याच्या खोपीत बसणारा माणूस. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. त्याला लागायचंही नाही. पट्टीवर पाणी कुठं आलं ते बघायचं आणि बोलायचं.

"बाई, पाणी आलं बघा साडेसातावर. गढूळ हाय. वरतीकडं धो धो पडतोय. ओव्हर."

"लिहिलं. केरबा, भाकरी खाल्ली का? ओव्हर."

"पोरगी आणतीया. ओव्हर."

चातुर्मासात माझं मौनभोजन असे. घास तोंडात गेल्यापासून हात धुईपर्यंत अक्षर बोलायचं नाही. बोललं की पान सोडून उठायचं, आणि त्या वर्षीचा नेम तिथेच मोडला. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला त्या वर्षी मी तो धरला होता. कॉम्प्युटर आला त्या साली तिसरा चातुर्मास होता, आणि आषाढात ह्यांनी उजव्या हाताची दोन बोटं हलवली होती. डॉक्टर म्हणाले, औषधाचा गुण. मी नेम पुढे चालू ठेवला.

कार्यालयाच्या भिंतीला लागूनच शाळा. साडेबाराला मधल्या सुट्टीची घंटा झाली की मी डबा उघडायची. रोज, न चुकता. गोग्रास बाजूला काढायचा आणि जेवायला लागायचं. पहिल्या वर्षी केरबाला कळेना, बाई उत्तर का देत नाहीत. घाटग्यांनी सांगितल्यावर त्यानंच तोड काढली.

"जेवताय न्हवं? बोलू नका. ऐकलं आसंल तर बटण दाबा, दोनदा. खटखट वाजलं म्हंजे मला कळंल. ओव्हर."

मी माईकचं बटण दोनदा दाबलं. पलीकडून त्याचं हसू आलं. तेव्हापासून तसंच चाललं. उजवा हात उष्टा असायचा, तेव्हा डाव्या हातानं खटखट करायचं, कॉम्प्युटर आल्यापासून डाव्याच हातानं एफ-फाईव्ह, आणि एका बोटानं पातळीचा आकडा. साहेबांची युक्ती मला तिथे फार उपयोगी पडली. हातानं वेळ लिहायची असती तर कीबोर्डवर पाच बटणं शोधावी लागली असती.

तो श्रावणातला बुधवार होता. रात्रभर वीज नव्हती, मी पोचले तेव्हा नुकती आली होती. साहेब कालव्याच्या फुटीवर निघालेले, दारात छत्री घेऊन उभे.

"बाई, मशीनची वेळ लावा आधी. आज पाणी चढणार. नोंदी नीट हव्यात मला."

"लावते, साहेब."

"माझ्यासमोर लावा. मी निघालो."

मी मनगटाकडे बघितलं, वेळ भरली, तारीख भरली. साहेबांनी मान हलवली आणि ते गेले.

दुपारी शाळेची घंटा झाली. घाटगे जेवायला घरी गेले. खोलीत मी एकटी. डब्यात दोन भाकरी, घेवड्याची भाजी, थोडं ताक. एक भाकरी संपत आली असेल तोच वायरलेस खरखरला.

"बाई, केरबा बोलतोय. लाल पट्टीला लागलं बघा. साखळी लावाय सांगा चौकीला. जेवताय न्हवं? खटखट करा. ओव्हर."

मी दोनदा बटण दाबलं. एफ-फाईव्ह दाबलं. पुढे लिहिलं, 'लाल पट्टी. केरबा.' कंट्रोल, एस.

त्यानंतर मी चौकीला फोन केला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. तेही मी एफ-फाईव्ह दाबून लिहिलं.

फोन कुणी उचलला नाही, कारण चौकीतले दोघंही नदीकडे धावले होते. गावोगावची माणसं भरून नेणारी एक वडाप जीप फरशीवर आली होती आणि मधोमध आल्यावर पाण्यानं तिला कडेला ढकललं होतं. बाकीचे पोहून, झाडाला धरून निघाले. खोतवाडीचे गणू आबा आणि त्यांची नात पाण्यातच राहिले. मामाकडे चालली होती ती. पलीकडच्या तीरावर एसटी थांबली होती, तिच्या कंडक्टरनं वेळ टिपून ठेवली होती. बारा पन्नास.

दोन वाजता वीज पुन्हा गेली. संध्याकाळी आली तेव्हा कॉम्प्युटर पुन्हा जानेवारीत जाऊन बसला होता. मी पुन्हा वेळ लावली. या वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून.

आठवड्यानं जिल्ह्याहून चौकशी अधिकारी आले. वयस्कर, अंगानं किरकोळ, बोलणं मऊ. साहेबांच्या टेबलावर 'नदी' फाईलचा छापील कागद ठेवला होता. केरबा भिंतीशी उभा होता, टोपी हातात. त्याला खुर्ची कुणी दिली नाही, आणि दिली असती तरी तो बसला नसता.

"लाल पट्टीचा निरोप बारा सत्तावन्नला," अधिकाऱ्यांनी वाचलं. "अपघात बारा पन्नासला. म्हणजे जीप वाहून गेल्यावर सात मिनिटांनी तू कळवलंस. खरं सांग. झोपला होतास?"

"न्हाई साहेब. पाणी लागल्या लागल्या मी सांगितलं. जीप तवा आलीबी नव्हती."

"कागद तर वेगळं सांगतोय."

"कागदाचं मला काय कळतं, साहेब?"

अधिकारी माझ्याकडे वळले. "ही वेळ तुम्ही टाइप केलीत?"

"नाही, साहेब. एफ-फाईव्ह दाबलं."

"मशीनची वेळ आहे, सर," नेर्लेकर साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "माणसाचा हात नाही त्यात. सकाळी माझ्यासमोर लावली होती."

"तुझ्याकडे घड्याळ आहे?" अधिकाऱ्यांनी केरबाला विचारलं.

"न्हाई."

"मग तुला काय माहीत किती वाजले होते?"

केरबानं हातातली टोपी उलटीपालटी केली. मग त्याचा चेहरा उजळला. "बाई जेवत हुत्या. त्यांनी खटखट केलं. त्यास्नी इचारा, त्या कवा जेवतात ते."

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. घाटगे कपाटापाशी होते, पाठमोरे. त्यांची पाठ ताठ झाली ती मला दिसली.

"जेवायची वेळ काय तुमची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

बारा सत्तावन्न हा आकडा त्यांनी वाचला तेव्हाच माझ्या मनानं सवयीनं त्यातून पंधरा वजा केले होते. बारा बेचाळीस. घंटा साडेबाराची, त्यावर एक भाकरी. बरोबर बारा बेचाळीस. त्या सकाळी साहेब दारात उभे असताना मी मनगटावरची वेळ तशीच भरली होती. पंधरा वजा करायचे राहिले होते.

"ठरावीक वेळ नाही, साहेब," मी म्हटलं. "काम आटपेल तसं."

केरबानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपण ऐकण्यात चुकलो असू, अशा नजरेनं.

घाटग्यांनी कपाटातली एक फाईल काढली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली.

बाहेर पायऱ्यांवर केरबानं मला गाठलं. पाऊस थांबला होता, पागोळ्या गळत होत्या.

"बाई, भ्यालासा व्हय साहेबाला?"

मी चपला पायात सरकवल्या.

"भ्यायचंच. मोठा माणूस. चार लोकांत बायामाणसाला बोलवत न्हाई." तो माझीच बाजू सावरत होता. "उद्या येकटं गाठून सांगा त्यास्नी. तुम्ही देवाच्या बाई, तुमचं ऐकत्याल. माझं कोण ऐकतंय? गणू आबा माझ्याच गल्लीतला वो. त्याच्या म्हातारीला मी तोंड कसं दावू?"

"सांगते," मी म्हटलं.

"शबूद?"

"सांगते म्हटलं ना, केरबा. उद्या सांगते."

तो वाकून पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत. घेता आले नाहीत.

घड्याळाची चूक सांगायला मला भीती नव्हती. साहेब रागावले असते, एखादा मेमो आला असता. पण बारा बेचाळीस म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग चौकीला फोन कधी केलात, बाई? त्याचीही नोंद होती त्याच कागदावर. एक वाजून सात मिनिटं. दोन्ही नोंदींत दहा मिनिटं. जीप आधीच गेलेली, म्हणून त्या दहा मिनिटांकडे कुणी बघितलं नव्हतं. पंधरा वजा केले असते की फोन बारा बावन्नला आला असता. जीप गेल्यावर दोन मिनिटांनी.

आणि ती दहा मिनिटं मी दुसरी भाकरी खात होते.

सांगून टाकते, जसं झालं तसं. खटखट केली, नोंद केली, आणि फोनकडे बघितलं. फोन करायचा तर बोलायला हवं. बोललं की पान सोडायचं, नेम मोडायचा. मला ह्यांची हलणारी दोन बोटं दिसली. त्या पावसाळ्यात लाल पट्टीचा निरोप आठ वेळा आला होता, आठही वेळा काही झालं नव्हतं. मी मनात म्हटलं, एक भाकरी तर आहे. मी भराभर नाही खाल्लं. अन्न भराभर खाऊ नये. ताक प्याले, डबा झाकला, मोरीवर जाऊन हात धुतले, चूळ भरली. मग फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी अधिकारी जिल्ह्याला परतले होते. नेर्लेकर साहेबांच्या दारापाशी मी दोनदा गेले. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते.

केरबाला काढलं. रोजंदारीचाच माणूस, एका कागदावर निघाला. गावात त्याला 'झोप्या' म्हणायला लागले. गणू आबांच्या घरावरून जायचं टळावं म्हणून तो मागच्या बांधानं फिरून जायचा, असं घाटगे एकदा म्हणाले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले. शाळेची घंटा त्यांनाही रोज ऐकू येत होती. त्यानंतर त्यांनी माझी कधी थट्टा केली नाही.

ह्यांची बोटं तेवढीच हलली, पुढे काही हललं नाही. तीन वर्षांनी हे गेले. मी मौनभोजन सोडलं नाही. सोडलं असतं तर कशासाठी धरलं होतं, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. निवृत्त होताना त्या फाईलचं एक पान छापून घेतलं, ते पोथीत ठेवलं. रोज अध्याय वाचताना ते बाजूला करायचं, वाचून झाल्यावर परत ठेवायचं. अशी एकवीस वर्षं.

यंदाच्या श्रावणात, दुपारची, मी जेवायला बसले होते. त्याच शाळेच्या मागच्या आळीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड, दार उघडंच असतं. दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची, पदर खोचलेला, पायांना चिखल.

"टिकेकरबाई ह्याच का?"

मी मान हलवली.

"मी आक्काताई. केरबा सुतारांची लेक. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुमचं जेवताना बोलणं नसतंय. आसूं दे, आसूं दे. जेवा तुम्ही. मी दोन शब्द सांगून जाते." ती उंबऱ्याबाहेरच टेकली. "आबा आथरुणाला लागल्यात. डॉक्टर म्हणाला, घरी न्या. धा दिवस झालं, पोटात पाण्याबिगर काय न्हाई. येकच ध्यास घेतलाय, बाईस्नी जाऊन इचार म्हणून. काय इचारू म्हटलं तर म्हणत्यात, त्यांनी सांगते म्हटलंय, सांगितलं का तेवढं इचार."

माझ्या हातात घास होता.

"मला काय त्यातलं ठावं न्हाई," ती पुढे म्हणाली. "ल्हान हुते मी तवा. भाकरी घेऊन जायची त्यांच्याकडं खोपीवर. येवढं आठवतंय, तुम्ही आतनं खटखट केलं की आबा मला म्हणायचं, ऐकलंस? बाई हाईत तिकडं. मग बिनघोर जेवायचं." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसता पदर ओढून घेतला. "गावानं लई बोल लावलं त्यास्नी. पर तुमच्याबद्दल वंगाळ शबूद काढला न्हाई कवा. म्हणायचं, बाईंना सवड झाली नसंल."

ती थोडा वेळ बसली. मी बोलत नाही हे तिनं गृहीतच धरलं होतं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"बरं, येते मी. तीनची गाडी हाय. त्यास्नी सांगते, भेटल्या बाई, जेवत हुत्या."

ती उठली. चपला घातल्या. चार पावलं अंगणात गेली.

पानात एक भाकरी उरली होती.

"थांब गं, आक्काताई," मी म्हटलं.

ती वळली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग पानाकडे. "आगं बाई! बोललासा? तुमचा नेम..."

"थांब जरा. मी येते तुझ्याबरोबर."

मी पान सोडून उठले. हात धुतले. पोथीतला कागद काढून पदराला बांधला, पिशवी उचलली. दिवेलागणीला परत येणं व्हायचं नव्हतं, तरी जाण्याआधी निरांजनात वात घालून दिवा लावून ठेवला नाही.

"आधी गणू आबांच्या घरी जायचं," मी तिला म्हटलं. "त्यांच्याकडे कोण आहे आता?"

"म्हातारी हाय की. नव्वदीची. दारातच बसून आस्ती."

"मग आधी तिथं. मग तुझ्या आबांकडे."

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागली. मी दार ओढून घेतलं. मागे शाळेची मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली.